पुराणवस्तुशोधक डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा आपल्या डोळ्यांपुढें एखादा राजा, सेनापति, संत किंवा समाजसुधारक उभा राहतो. परंतु जगांत आणखी एका प्रकारचे वीर होऊन गेले आहेत. त्यांनीं तरवार धरली नाहीं, व्यासपीठें गाजविलीं नाहींत. हातांत लहानसें खुरपें व ब्रश घेऊन, उन्हांत गुडघे टेकून, मातीचा एकेक थर जपून बाजूस केला. त्यांचें युद्ध विस्मृतीशीं होतें. ज्यांना लिहितां येत नव्हतें, ज्यांचीं नांवें कोणीं जपलीं नाहींत, अशा हजारों वर्षांपूर्वींच्या माणसांना त्यांनीं पुन्हां आपल्यामध्यें आणून बसविलें. अशा संशोधकांपैकीं एक अग्रेसर पुरुष आपल्या पुणें जिल्ह्यांतच पन्नास वर्षें राबला. त्यांचें नांव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. त्यांच्या चरित्रापासून आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे, म्हणून तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजीं मुंबई येथें झाला. त्यांचें घराणें मूळचें गुजरातेंतील असून घरांत वकिलीचा व्यवसाय चालत असे. मूल दिवस भरण्यापूर्वींच जन्मास आलें व तें इतकें अशक्त होतें कीं, तें जगेल अशी आशा घरच्या माणसांस वाटत नव्हती. पुढेंही त्यांची शरीरयष्टि लहानखुरी व नाजूकच राहिली. ज्या मुलाचा पहिला आठवडाही पार पडेल कीं नाहीं याची शंका होती, त्यानेंच पुढें नर्मदेपासून प्रवरेपर्यंतच्या नद्यांचे कांठ पायांखालीं घातले आणि ऐंशी वर्षांचें आयुष्य भोगलें. शरीर दुबळें असलें तरी निश्चय दृढ असल्यास मनुष्याच्या हातून केवढें कार्य होऊं शकतें, याचा हा पहिला धडा होय.

पंधरा वर्षांचे असतां त्यांच्या हातीं लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयींच्या ग्रंथाचें गुजराती भाषांतर आलें. तो विषय त्या वयांत समजणें कठीणच होतें, व त्यांनाही तो फारसा समजला नाहीं. परंतु न समजलेलें पुस्तक बाजूस टाकून देण्याऐवजीं, तें समजण्यासाठीं काय शिकावें लागेल याचा त्यांनीं विचार केला. टिळकांना संस्कृत व गणित हीं दोन्ही उत्तम येत होतीं, तेव्हां आपणही तेंच शिकावें असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. मित्रहो, कठीण धडा पुढें आला असतां आपण काय करतों, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारून पहावें.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत त्यांना एक असामान्य गुरु लाभले. ते म्हणजे फादर हेन्री हेरास. हे जेसुइट पंथाचे स्पॅनिश धर्मोपदेशक १९२२ सालीं मुंबईस आले व हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाच्या प्रेमांत पडून येथलेच होऊन राहिले. १९२६ सालीं त्यांनीं कॉलेजांत इतिहाससंशोधनाची एक संस्था स्थापिली. केवळ छापील पुस्तकांवर विसंबून न राहतां नाणीं, ताम्रपट, शिलालेख व मूर्ति यांना स्वतः प्रश्न विचारावेत, ही दृष्टि त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस दिली. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं सांकलिया यांनीं नालंदाच्या प्राचीन विद्यापीठावर प्रबंध लिहून एम्. ए. ची पदवी मिळविली. घराण्याच्या परंपरेस अनुसरून कायद्याची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. कोर्टाचा मार्ग त्यांच्यापुढें मोकळा होता, व त्यांत पैसा व प्रतिष्ठा दोन्ही होतीं. परंतु त्यांनीं तो सोडला. ज्या विद्येंत त्या काळीं ना धन होतें ना नोकरीची खात्री, ती विद्या त्यांनीं पत्करली.

पुढें ते लंडनला गेले व गुजरातच्या पुराणवस्तूंवर प्रबंध लिहून १९३६ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी संपादन केली. त्या वास्तव्यांत त्यांना आणखी एक मोठें शिक्षण मिळालें. इंग्लंडच्या दक्षिणेस मेडन कॅसल नांवाचा एक प्राचीन डोंगरी कोट आहे. तेथें मॉर्टिमर व्हीलर हे उत्खनन करीत होते. हेच गृहस्थ पुढें १९४४ सालीं हिंदुस्थानच्या पुराणवस्तुखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालीं सांकलिया यांनीं प्रत्यक्ष काम केलें. जमिनींत सांपडलेल्या वस्तूपेक्षां ती कोणत्या थरांत सांपडली हें अधिक महत्त्वाचें असतें, हें सूत्र त्यांनीं तेथें आत्मसात केलें. खालचा थर आधींचा, वरचा थर नंतरचा, हा नियम दिसावयास सोपा आहे. परंतु उतावळ्या मनुष्याच्या हातीं कुदळ आली म्हणजे तो एका तासांत हजार वर्षांचीं पानें फाडून टाकतो. वस्तु हातीं राहते आणि तिची कहाणी कायमची नाहींशी होते.

पुण्याचें डेक्कन कॉलेज १९३४ सालीं बंद पडलें होतें. तें १९३९ सालीं उच्च शिक्षणाची व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हां सुरू झालें, आणि तेथें प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून डॉ. सांकलिया यांची नेमणूक झाली. येरवड्याच्या त्या जुन्या दगडी इमारतींत आरंभीं ना संग्रहालय होतें, ना उत्खननाचें साहित्य, ना शिकलेले मदतनीस. पाहिजे तें मिळेपर्यंत हात जोडून बसणारा मनुष्य तेथें कांहींच करूं शकला नसता. परंतु डॉ. सांकलिया आसपासचीं देवळें, लेणीं व नदीचे कांठ धुंडाळूं लागले आणि मिळेल तो विद्यार्थी बरोबर घेऊन फिरूं लागले. पुढें ज्या विभागाची कीर्ति सर्व जगांत पसरली, त्याची सुरुवात अशी पायपिटीपासून झाली.

आतां त्यांच्या ज्या कार्याकडे मला तुमचें लक्ष विशेष वेधावयाचें आहे, तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८६३ सालीं मद्रासजवळ पल्लावरम् येथें रॉबर्ट ब्रूस फूट नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञास आदिमानवानें घडविलेलें दगडी हत्यार सांपडलें. हिंदुस्थानांत अश्मयुगीन मनुष्य राहत होता याचा शास्त्रीय शोध तेथून सुरू झाला. हेच फूटसाहेब सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानांत भूगर्भाची पाहणी करण्यास आले. साबरमतीच्या कांठीं त्यांना दोन प्रकारचीं हत्यारें आढळलीं. नदीच्या तळच्या गोट्यांच्या थरांत मोठाल्या दगडी कुऱ्हाडी होत्या. आणि वर, वाऱ्यानें आणून टाकलेल्या रेतीच्या टेकड्यांवर, नखाएवढालीं बारीक पातीं पसरलेलीं होतीं. या दोहोंच्या मध्यें नदीनें व वाऱ्यानें रचलेला मातीचा प्रचंड जाड थर होता. मग प्रश्न असा उत्पन्न झाला कीं, मोठीं हत्यारें करणारे लोक गेले कोठें, आणि बारीक पातीं करणारे लोक आले कोठून?

हा प्रश्न सुमारें अर्धें शतक तसाच पडून राहिला. १९४१ सालीं पुराणवस्तुखात्याचे तेव्हांचे प्रमुख राव बहादुर काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या प्रेरणेनें डॉ. सांकलिया पहिली मोहीम घेऊन उत्तर गुजरातेंत गेले. हा प्रदेश थरच्या मरुभूमीच्या दाराशींच आहे. पाऊस थोडा, झाडोरा खुरटा, आणि जिकडे पहावें तिकडे रेतीचे उंचवटे. या उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेंत पावसाचें पाणी सांचून लहान तळीं होतात. मोहिमेनें नदीचे कडे चढून उतरून थर मोजले आणि फूट यांचें म्हणणें तपासलें. नदीच्या खालच्या थरांत मोठीं हत्यारें खरोखरच होतीं. वरच्या टेकड्यांवर बारीक पातींही होतीं. फूट यांची दृष्टि अचूक होती, हें सिद्ध झालें. दुसऱ्याचें श्रेय त्यास मोकळ्या मनानें देणें हें विद्वत्तेचें लक्षण आहे. डॉ. सांकलिया यांनीं आपलें काम पूर्वसूरींच्या खांद्यावर उभें आहे, हें कधीं लपविलें नाहीं.

मेहसाणें जिल्ह्यांत, तेव्हांच्या बडोदें संस्थानांत, लांघणज नांवाचें एक खेडें आहे. त्याच्या शिवारांतील एका रेतीच्या टेकडीस तेथील लोक अंधारियो टिंबो म्हणत. १९४४ सालीं डॉ. सांकलिया यांनीं या टेकडींत खणावयास आरंभ केला. त्यांच्याबरोबर डेक्कन कॉलेजांतील सुप्रसिद्ध विदुषी डॉ. इरावती कर्वे होत्या. मानवशास्त्रांत पारंगत व मराठी वाचकांस आपल्या ग्रंथांनीं सुपरिचित असलेल्या इरावतीबाईंचें साह्य येथें फार मोलाचें ठरलें. कारण रेतीच्या थरांत बारीक पातींच्या सोबतीनें खुद्द तीं पातीं वापरणारीं माणसेंच झोपलेलीं आढळलीं. हातपाय आखडून घेऊन, जणूं थंडीच्या रात्रीं अंग मुडपून निजावें, तशा स्थितींत तीं पुरलेलीं होतीं. १९६३ पर्यंत तेथें निरनिराळ्या वेळीं उत्खनन झालें आणि एकंदर चौदा मनुष्यांचे सांगाडे मिळाले.

त्या टेकडींत सोनें सांपडलें नाहीं, राजमुद्रा सांपडली नाहीं, कोरलेलें एक अक्षरही सांपडलें नाहीं. मिळालीं तीं दगडाचीं पातीं, दळण्याचे दगड, मोडकीं खापरें व जनावरांचीं हाडें. पण या तुटपुंज्या साक्षीवरून संशोधकांनीं केवढी कथा उभी केली पहा. हाडांवरून कळलें कीं, हे लोक नीलगाय, काळवीट, हरिणें व रानडुकरें यांची शिकार करीत, आणि तळ्यांतील मासे व कांसवें खात. गेंड्याच्या खांद्याचें एक हाडही मिळालें. त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या, म्हणजे ऐरणीसारखा त्याचा उपयोग केलेला होता. आज जेथें गेंड्याची कल्पनाही करवत नाहीं, तेथें एके काळीं त्याला पुरेल असें गवत व पाणी होतें, हें त्या एका हाडानें सांगितलें. नखाएवढीं पातीं सुटीं वापरीत नसत. लांकडाच्या किंवा हाडाच्या खांचेंत तीं ओळीनें बसवून त्यांचे बाण, सुरे व विळे करीत. एखादें पातें मोडलें तर सबंध हत्यार टाकून न देतां तेवढेंच बदलीत. दांडा टिकला नाहीं, पातीं मात्र टिकलीं. आपल्या माळावर मिळणाऱ्या गारगोटीसारख्या दगडांतून एवढें नाजूक व धारदार पातें काढून पाहण्याचा यत्न कोणीं केला, म्हणजे त्या कारागिरांच्या बुद्धीची व हाताची खरी किंमत त्यास कळेल.

आणखी एक आश्चर्य पुढें उघडकीस आलें. हाडांतील कर्बाच्या मापनावरून तेथील वस्तीच्या एका काळाचें वय सुमारें चार हजार वर्षें आलें. म्हणजे जेव्हां सिंधुसंस्कृतीचीं सुनियोजित नगरें, विटांचीं घरें व गटारें हिंदुस्थानच्या वायव्य भागांत होतीं, त्या कालाच्या जवळपासच लांघणजचे पारधी आपल्या रेतीच्या टेकडीवर राहत होते. टेकडींत तांब्याचा एक सुरा व समुद्रांतील शंखाचे मणीही मिळाले. तांबें त्या रेतींत पिकत नाहीं, समुद्रही तेथून दूर आहे. तेव्हां या वस्तु देवघेवीनेंच तेथें आल्या असाव्या. शिकारी मनुष्य म्हणजे रानांत एकटा भटकणारा व शेजाऱ्यांस अपरिचित असा प्राणी, ही आपली समजूत त्या सुऱ्यानें खोटी पाडली. नगरांतील व्यापारी, गांवचा कुणबी आणि रानांतला पारधी हे एकाच काळीं, एकमेकांच्या गरजा भागवीत, जगत आले आहेत.

लांघणजेवर काम चालू असतांच डॉ. सांकलिया यांची दृष्टि महाराष्ट्राकडे वळली. दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशांत अश्मयुगीन मनुष्य राहिला असेल किंवा नाहीं, याविषयीं त्या काळीं पुष्कळांना शंका होती. त्यांनीं नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं, गंगापूर येथें, आदिमानवाचीं हत्यारें शोधून ती शंका दूर केली. नंतर १९५४ पासून त्यांनीं प्रवरेच्या तीरीं नेवासें येथें काम सुरू केलें. ज्या नेवाशास ज्ञानेश्वर महाराजांच्या वास्तव्यामुळें प्रत्येक मराठी मनुष्य पवित्र मानतो, त्याच नेवाशाच्या भूमींत मनुष्याच्या वस्तीचें एक अखंड पुस्तकच सांपडलें. तळाशीं मोठ्या दगडी कुऱ्हाडी. त्यांच्या वरच्या थरांत लहान छिलक्यांचीं हत्यारें. मग तांबें व दगड दोन्ही वापरणारे पहिले शेतकरी. त्यानंतर सातवाहनांचा काळ व रोमशीं चाललेला व्यापार. आणि सर्वांवर मुसलमानी व मराठेशाही अमदानी. मधल्या छिलक्यांच्या हत्यारांचा काळ हिंदुस्थानांत तोंवर फारसा स्पष्ट झालेला नव्हता. मोठ्या कुऱ्हाडी व बारीक पातीं यांच्यामधील जी रिकामी जागा फूट यांना बुचकळ्यांत पाडीत होती, ती भरून काढण्याची एक महत्त्वाची पायरी अशा रीतीनें प्रवरेच्या कांठीं हातीं लागली. गुजरातच्या रेतींत पडलेल्या कोड्याचें थोडें उत्तर महाराष्ट्राच्या कातळांत मिळालें.

त्यांच्या उत्खननांची यादी मोठी आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरी, संगमनेराजवळ जोर्वें, नाशिक, नर्मदाकांठीं महेश्वर व नावडातोली अशीं तीं स्थळें होत. यांतील आपल्या जिल्ह्यांतील एका स्थळाचा मात्र विशेष उल्लेख केला पाहिजे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. घोडेचें पाणी भीमेस मिळतें, आणि तीच भीमा आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेनें वाहते. तेव्हां इनामगांवचे लोक आपले फार जुने शेजारीच म्हणावयाचे. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. डॉ. सांकलिया यांच्याबरोबर डॉ. मधुकर ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनीं तें काम चालविलें, आणि डॉ. सांकलिया १९७३ सालीं निवृत्त झाल्यावर तें पुढेंही नेलें. इसवी सनापूर्वीं सुमारें सोळाशें वर्षांपासून सातशें वर्षांपर्यंत तेथें शेतकऱ्यांचें गांव नांदत होतें. जव हें त्यांचें मुख्य धान्य. भरभराटीच्या काळांत त्यांचीं घरें चौकोनी व ऐसपैस होतीं. नदीचें पुराचें पाणी वळवून शेतीस देण्यासाठीं त्यांनीं पाट व बांधही घातला होता.

परंतु इसवी सनापूर्वीं एक हजाराच्या सुमारास चित्र पालटलें. मोठीं घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, धान्य घटलें, आणि लोक शिकारीवर व गुरांवर अधिकाधिक विसंबूं लागले. पाऊस कमी होत गेल्यामुळें हें घडलें असावें, असा संशोधकांनीं निष्कर्ष काढला. शेवटीं तें गांव ओस पडलें. मित्रहो, आपल्या शेळगांवच्या परिसरांत राहणाऱ्यांस ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. सह्याद्रि ओलांडतां ओलांडतां पावसाचे ढग रिकामे होतात आणि भीमा व नीरा यांच्यामधील आपल्या माळांस उरलेसुरलें पाणी मिळतें. कालवा नव्हता, धरण नव्हतें, तेव्हां दुष्काळ पडला म्हणजे येथील माणूस काय करीत असेल? शेतकरी हा कायमचा शेतकरी व पारधी हा कायमचा पारधी, असें निसर्गानें कोणाच्या कपाळीं लिहून ठेविलेलें नाहीं. चार वर्षें पावसानें पाठ फिरविली कीं पाटाचा मालकही जाळें व बाण घेऊन रानांत जातो. इनामगांवच्या मातीनें आपणांस ही गोष्ट स्पष्ट दाखविली आहे.

डॉ. सांकलिया यांची खरी संपत्ति म्हणजे त्यांचे शिष्य. त्यांनीं शिकविलेले विद्यार्थी पुढें देशांतील अनेक विद्यापीठांत पसरले. त्यांपैकीं डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनीं राजस्थानांत बागोर व तिलवाडा येथील शिकारी लोकांच्या वसतिस्थानांचें उत्खनन केलें. पुढें थरच्या मरुभूमींत डीडवाण्याजवळच्या रेतीच्या टेकडींत खोलवर आदिमानवाचीं हत्यारें मिळालीं, आणि आज जें वाळवंट आहे तेंही सदैव इतकें कोरडें नव्हतें हें दिसून आलें. त्याच मरुभूमींत राहणाऱ्या वन वागरी नांवाच्या शिकारी लोकांचाही डॉ. मिश्र यांनीं अभ्यास केला. पाण्याची जागा कशी ओळखावी, ससा व तितर कसा धरावा, कोणतें कंद कोणत्या ऋतूंत खावें, हें ज्ञान या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या तोंडीं चालत आलें आहे. मेलेल्या शिकाऱ्यांचीं हाडें समजून घ्यावयाचीं असतील तर जिवंत शिकाऱ्यांपाशीं नम्रपणें बसावें लागतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें बोलल्यावांचून माझ्यानें पुढें जाववत नाहीं. आपल्या भागांतील फांसेपारधी हेही शिकारीवर जगत आलेले लोक. परकीय सरकारनें १८७१ सालीं केलेल्या कायद्याच्या आधारें अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्यांत आला. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणांतली वसाहत होती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु लोकांच्या मनांतलें कुंपण अद्याप सर्वस्वीं निघालें आहे असें म्हणवत नाहीं. शाळेंत पारध्याचा मुलगा आला तर त्याच्या शेजारीं बसावयास कां कूं करणारीं मुलें, आणि त्यांस तसें शिकविणारे पालक, मीं माझ्या शिक्षकी पेशांत पाहिले आहेत. अशा वेळीं मला लांघणजच्या टेकडीची आठवण होते. ज्या विद्येस आज आपण तुच्छ मानतों, तिच्याच बळावर आपल्या सर्वांचे पूर्वज हजारों वर्षें तगले. नांगर ही कालची गोष्ट आहे. त्यापूर्वींच्या प्रदीर्घ काळांत कोणाचेंही कूळ असो, तें शिकारीवर व रानच्या फळामुळांवरच पोसलें गेलें. ही गोष्ट ज्यानें नीट समजून घेतली, त्यास शेजारच्या बांकावरील मुलाकडे पाहून नाक मुरडतां येणार नाहीं.

कांहीं पालकांनीं मला असेंही विचारलें आहे कीं, हजारों व लाखों वर्षांच्या या गोष्टी मुलांस सांगितल्यानें त्यांच्या श्रद्धेस धक्का नाहीं का बसणार? माझें नम्र मत असें आहे कीं, पवित्र शास्त्र हें आपणांस कोणी निर्माण केलें व कसें वागावें हें सांगण्यासाठीं दिलेलें आहे. खापरांचें वय मोजण्यासाठीं नव्हे. सृष्टिकर्त्यानें मातीच्या थरांत जें लिहून ठेविलें आहे, तें प्रामाणिकपणें वाचणें ही अश्रद्धा नसून एक प्रकारची उपासनाच होय. डॉ. सांकलिया यांच्या मनांत या विद्येची ज्योत अधिक प्रज्वलित करणारे गुरु स्वतः धर्मोपदेशक होते, ही गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. सत्यास सत्याचें भय नसतें.

या थोर संशोधकाचा सरकारनें १९७४ सालीं पद्मभूषण ही पदवी देऊन गौरव केला. निवृत्तीनंतरही त्यांचें वाचन व लेखन थांबलें नाहीं. नवा पुरावा पुढें आला म्हणजे जुनें मत सुधारून घ्यावयास ते कचरत नसत; हिंदुस्थानच्या प्रागितिहासावरील आपला मोठा ग्रंथ १९६० नंतरच्या दशकांत एकदां प्रसिद्ध केल्यावर, मधल्या वर्षांतील नवीन शोध जमेस धरून १९७४ सालीं त्यांनीं तो पुन्हां विस्तारानें सिद्ध केला. २८ जानेवारी १९८९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. जें मूल जगणार नाहीं असें वाटलें होतें, त्यानें हिंदुस्थानच्या इतिहासास कित्येक सहस्रकांची भर घालून मगच या जगाचा निरोप घेतला.

त्यांचें स्मारक आपण कसें करावें? त्यासाठीं पुतळा नको, वर्गणी नको. आपल्या नद्यांच्या व ओढ्यांच्या कांठीं ठिकठिकाणीं पांढरीच्या टेकड्या आहेत. जुन्या वस्तीची राख, शेण व माती कुजून झालेली ती पांढरी माती घराच्या धाब्यासाठीं व शेतांत घालण्यासाठीं आपले लोक गाड्या भरून नेत आले आहेत. आणि आतां तर यंत्रें आणून एका दिवसांत टेकडीचें सपाट शेत करतां येतें. शेतकऱ्याची गरज खरी आहे, त्यास दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ज्या टेकडींत तीन हजार वर्षांची कथा आहे, ती न वाचतांच नाहींशी होऊं देणें हें आपल्या मुलांबाळांचें नुकसान आहे. तेव्हां पालकांस माझी विनंति अशी कीं, नांगराच्या तासांत किंवा विहिरीच्या खोदकामांत चित्रें काढलेलें खापर, रांजणांत पुरलेलीं हाडें अथवा दगडाचें पातें दिसल्यास तेथें काम थोडें थांबवावें आणि शाळेंत किंवा जाणत्या मनुष्यास कळवावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीं गुरें राखतांना किंवा शाळेच्या वाटेवर अशी वस्तु पाहिली, तर ती खिशांत घालून आणूं नका. ती जेथें पडली आहे ती जागाच तिची अर्धी कहाणी असते. जागेची खूण नीट ध्यानांत ठेवा, वहींत लिहा, आणि मग आम्हां शिक्षकांस घेऊन चला. आम्ही आनंदानें तुमच्या मागोमाग येऊं.